एकोणीस दिवसांचा पाऊस

परभणी,
२६ ऑक्टोबर १९९३

ती. काशीनाथमामांस,
पद्मजाचा साष्टांग नमस्कार.

मामा, तुम्ही अमर होणार! हसू नका. आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात अखेर कॉम्प्युटर आला. परवा दसऱ्याला त्याची पूजा झाली. आमचे ग्रंथपाल दिनकरराव साहेब त्याच्यावर हळद-कुंकू वाहणार होते, पण बसवायला आलेला माणूस 'अहो नको, नको' करत मध्येच उभा राहिला. शेवटी झेंडूचा हार टेबलाच्या पायाला बांधला आणि नारळ बाहेर व्हरांड्यात फोडला. त्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या, पदरानं तोंड पुसायचं नाही, चहा तर लांबच. आई म्हणाली, "देवळात तरी एवढं सोवळं पाळतेस का गं?" भूकंपापासून ती अजून अंगणातच झोपायलीय, आणि मी मात्र दिवसभर बंद खोलीत, म्हणून तिचा जीव खालीवर होतो.

काम काय ते ऐका. विद्यापीठात आजवर झालेले सगळे प्रबंध, आणि ज्या वह्यांवरून ते लिहिले त्या शेतावरच्या नोंदवह्या, हे सगळं मशीनमध्ये भरायचं. पुढं कुणी अकोल्याहून नाहीतर धारवाडहून पत्र टाकलं की 'पावसाचा खंड' एवढं टाइप करायचं, मिनिटात यादी हजर. काही प्रबंधांची नुसती नावं भरून झालीत, त्यावर मी गंमत म्हणून करून पाहिलं. पहिलंच नाव कुणाचं आलं? तुमचं! 'पावसाचे खंड व कोरडवाहू ज्वारी'. मी एवढ्यानं ओरडले की शिपाई धावत आला.

तर साहेबांनी ठरवलंय की २६ जानेवारीला कुलगुरूंच्या हस्ते उद्घाटन करायचं आणि पहिला प्रबंध दाखवायचा तो तुमचा. शाल, श्रीफळ, सगळं. तुमच्या सहाही नोंदवह्या कपाटात सुखरूप आहेत, उद्यापासून त्याच घेते. भाऊबीजेला याल तेव्हा मशीन दाखवीन. मोजे घालून या.

तुमची,
पद्मजा

*

जिंतूर,
३१ ऑक्टोबर १९९३

चि. पद्मजास आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझ्या मामीला दोनदा वाचून दाखवलं, तिसऱ्यांदा ती म्हणाली, पुरे. पेन्शनीत निघाल्यापासून आमचा प्रबंध कुणाला आठवतो असं वाटलं नव्हतं. बावन्नाव्या वर्षी मी डॉक्टर झालो तेव्हा लोक म्हणाले, आता या वयात कशाची हौस. त्यातले निम्मे वर गेले, बाकीच्यांना मी आजच निरोप धाडलाय. शाल नको म्हणणार नाही. जानेवारीत थंडी असते.

एक सुचवतो. प्रबंधाच्या शेवटी तक्ते आहेत, स्वच्छ टाइप केलेले. ते भर. त्या कच्च्या वह्यांत कशाला डोळे फोडून घेतेस? चिखलाचे हात लागलेल्या वह्या, कुठं शाई फुटलेली, कुठं उंदरांनी कुरतडलेलं. फजूल मेहनत. दिनकररावांना माझं नाव सांगून विचार, ते नाही म्हणायचे नाहीत.

सुमंगलेला सांग, घरात निज. जमीन हलायची तर अंगणातही हलते. भाऊबीजेला येतो.

काशीनाथ

*

परभणी,
५ नोव्हेंबर १९९३

ती. मामांस सा. नमस्कार.

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, तक्ते काय, छापलेले असतात, खरा ऐवज वह्यांतच. तेव्हा डोळे फोडणं सुरू आहे. पण तुमच्या वह्या छान आहेत हो. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, आकडा लिहायचा, मोजणाऱ्यानं पुढं सही करायची. पांढरवाडीच्या केंद्रावरच्या या वह्यांत जवळजवळ सगळीकडे एकच सही आहे, 'सूर्यभान'. सुरुवातीला अक्षर पोराचं वाटतं, पुढं पुढं ते घोटीव होत जातं. सहा वर्षांच्या त्या सह्या बघून मला तो माणूस ओळखीचा वाटायला लागलाय.

आता माझी अडचण. मशीन प्रत्येक आकड्यापुढं मोजणाऱ्याचं नाव मागतं. नाव नाही तर पुढं जाऊ देत नाही, अडेलतट्टू आहे. आणि अठ्ठ्याहत्तरच्या वहीत २९ जुलै ते १६ ऑगस्ट, मोजून एकोणीस दिवस, सहीचा रकाना कोरा आहे. आकडे आहेत, ते तुमच्या अक्षरात. तुमचा सात मी कुठंही ओळखीन. शाईसुद्धा तुमचीच निळी-काळी, आणि सगळे एका बैठकीत लिहिल्यासारखे. सूर्यभान आजारी होता का? तुम्ही स्वतः पांढरवाडीला राहून मोजलंत का? तसं असेल तर तुमचं नाव घालते.

आईला विचारलं तर ती भलतंच सांगते. म्हणते, त्या श्रावणात नामांतराच्या दंगली चालू होत्या, एस.टी. बंद, आणि तुम्ही आमच्याच घरी मला पाढे शिकवत होतात. मला एकोणतीसचा पाढा येतो तो त्यामुळंच म्हणे! आईची आठवण, तुम्हाला माहीतच आहे. दोन ओळी टाका, म्हणजे मी पुढं सरकते.

पद्मजा

*

जिंतूर,
१० नोव्हेंबर १९९३

चि. पद्मजा,

आईची आठवण आणि सरकारी दफ्तर यांत फरक असतो, एवढं तरी ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या मुलीला कळावं. वहीत आकडे आहेत, अक्षर माझं आहे, हे तूच लिहितेस. मग हुज्जत कशाची? माझं नाव घाल आणि पुढं चल. तीस वर्षं उन्हापावसात उभं राहून जे जमवलं त्याची झडती आता घरच्या पोरीनं घ्यावी, हे बरं आहे.

शिवाय काळ कोणता आहे ते बघ. विद्यापीठाच्या नामांतराची बोलणी पुन्हा सुरू झालीत. गावोगाव लोक कान टवकारून बसलेत. अशा वेळी अठ्ठ्याहत्तरचं नाव काढू नये. गाडलेलं उकरलं की वासच येतो.

गुडघा दुखायलाय. भाऊबीजेला येणं जमणार नाही. सुमंगलेला तसं कळव.

काशीनाथ

*

परभणी,
२५ नोव्हेंबर १९९३

ती. मामांस सा. नमस्कार.

भाऊबीजेला आईनं ताट केलं होतं. 'गुडघा आहे, दुपारच्या गाडीनं येईल' म्हणत बसली. संध्याकाळी चंद्राला ओवाळलं आणि जेवली नाही. रागावून लिहीत नाहीये मामा, झालं ते कळवते.

दुसरं मात्र कळवल्यावाचून राहवत नाही. परवा ग्रंथालयात एक माणूस आला. पन्नाशीचा, पांढरा सदरा, धुतलेलं धोतर. चपला न सांगता बाहेर काढल्या आणि दारातूनच विचारलं, "बाई, पांढरवाडीच्या पावसाची वही हितं हाय म्हनं. अठ्ठ्याहत्तरची. बघायला भेटंल का?" मी नाव विचारलं. म्हणाला, सूर्यभान.

मामा, मी उठून त्याला खुर्ची दिली.

तो आजही पांढरवाडीच्या केंद्रावर रोजंदारीवर आहे. जुन्या रोजंदारांना कायम करायची यादी निघालीय, ३१ जानेवारीला ती बंद होणार. सलग नोकरी दाखवली तर तो कायम होतो. पण अठ्ठ्याहत्तरला त्याला कमी केलं आणि एक्क्याऐंशीला परत घेतलं, म्हणून त्याची आधीची सहा वर्षं धरत नाहीत. कमी का केलं, तर त्याच्याजवळ एक चिठ्ठी आहे. घडी घालून घालून तिचे चार तुकडे झालेत. त्यात लिहिलंय: 'सूर्यभान विनापरवाना गैरहजर. या काळातील नोंदी मी स्वतः घेतल्या.' खाली तुमची सही.

मी त्याला वही दाखवली. त्यानं त्या एकोणीस आकड्यांवरून बोट फिरवलं, एकदा वरून खाली. मी तुमची भाची आहे हे मी त्याला सांगितलं नाही. मला लाज वाटली, कशाची ते नीट सांगता येत नाही.

मशीन त्या पानावर अडून बसलंय आणि मीही. मामा, मला तुमच्याइतकं जगात कुणी लाडकं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून एवढंच मागते. एका कार्डावर लिहून धाडा, 'एकोणीस दिवस पाऊस मी मोजला.' मी तुमचं नाव भरते आणि जन्मात पुन्हा विचारणार नाही.

पद्मजा

*

जिंतूर,
३ जानेवारी १९९४

चि. पद्मजा,

नाही. मी मोजला नाही. कुणीच मोजला नाही.

तुझं पत्र येऊन महिना होऊन गेला. रोज कार्ड पुढ्यात घ्यायचो. एकच ओळ लिहायची होती. पहिल्यांदा खोटं लिहिलं ते घाईत. तेच दुसऱ्यांदा शांतपणे लिहायचं तर मन फार निबर लागतं, तेवढं माझं नाही. चार कार्डं फाडली. तुझी मामी म्हणाली, "काय झालंय ते सांगा तरी, नाहीतर पोस्टातच जाऊन राहा." मग तिला सांगितलं. आता तुला सांगतो.

२८ जुलैला दिवस मावळायच्या सुमारास पांढरवाडीचा बौद्धवाडा जाळला. सूर्यभानचं घर त्यातच. मी त्या दिवशी पालमला होतो. ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी मिळेल त्या ट्रकनं परभणीला तुमच्याकडे आलो. तुझी आई खरं सांगते. एकोणतीसचा पाढा मीच शिकवला. बाहेर पाऊस पडत असायचा आणि मी तुला पाढे म्हणायला लावायचो, कारण गप्प बसलं की पांढरवाडी आठवायची.

१७ ऑगस्टला परत गेलो. ज्यांच्या वावरात आपलं केंद्र, त्या गोविंदरावांनी वाटेतच गाठलं. म्हणाले, "साहेब, वहीत काहीबाही लिहू नका. पोलीस कागद बघायलेत. लिहायचंच असलं तर केंद्र दुसऱ्या गावाला न्या." मी घाबरलो, हे खरं. पण भीतीच्या पदराआड किती लपू? मला प्रबंध हवा होता. सहा वर्षं सलग नोंदी होत्या. ते वर्ष फुकट गेलं असतं तर सगळं लांबलं असतं, आणि माझं वय थांबणार नव्हतं. लिंबाखाली बसून मी एका दमात एकोणीस आकडे लिहिले. त्यात ओळीनं अकरा दिवस शून्य टाकलं. पुढं त्याच अकरा शून्यांचा 'खंड' झाला, ज्वारी तो खंड सोसून तरली असं मी लिहिलं, आणि लोक मला डॉक्टरसाहेब म्हणू लागले. आजवर ज्यांनी ज्यांनी तो आकडा उचलला, त्यांनी माझ्या बसल्या बैठकीतला पाऊस उचलला.

आणि आकडे मी मोजले म्हटल्यावर सूर्यभान कुठं होता, ते लिहावं लागलं. म्हणून ती चिठ्ठी. घर जळालेल्या माणसाला मी विनापरवाना गैरहजर केलं. तीन दिवसांत त्याचं काम गेलं.

२९ डिसेंबरला पालमच्या गाडीत बसलो. रात्री तिथंच राहून सकाळी पुढं दोन मैल चालत गेलो. गुडघ्याचं निमित्त खोटं नव्हतं, एवढं तरी त्या दिवशी सिद्ध झालं. सूर्यभान केंद्रावर होता. मला बघून चकित झाला नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाला, "जरा थांबा साहेब, साडेआठ व्हायलेत." पाऊस नाही, ढग नाही, तरी त्यानं झाकण काढलं, बाटली बघितली, पुसली, वहीत शून्य लिहिलं, सही केली. मग माझ्याकडे वळला.

मी सगळं सांगितलं. हात जोडले. तो म्हणाला, "मला ठाऊक हाय. सतरा तारखेला मी आलो तवा तुमी लिंबाखालून उठायलाव. मी बाटली काढली तर काठोकाठ. कुनी वतलीच न्हवती. मोजली म्या. ईसचा गिलास, सहा भरून आन् वर सात. एकशे सत्तावीस. तुमाला सांगितलं बी. तुमी म्हनलाव, लिवू नको."

मी तसं म्हणालो होतो. पंधरा वर्षं मी ते विसरलोच होतो. माझ्या वहीत त्या एकोणीस दिवसांची बेरीज एकतीस आहे. मी विचारलं, "मग इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "सांगून काय? बुकात अक्षर तुमचं. आन् मोजपट्टीचा साहेब खोटं लिवतो म्हनलं तर लोक मलाच येडं म्हनतील." त्याच्या बायकोनं, बायनाबाईनं, चहा दिला. ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. तिचं बरोबर आहे.

आता कामाचं. ऑफिसला माझा सहीचा जबाब आजच रजिस्टरनं पाठवलाय, की ती चिठ्ठी खोटी आहे आणि आकडेही खोटे आहेत. तुझ्या मशीनसाठी मजकूर देतो: '२९ जुलै ते १६ ऑगस्ट १९७८, सेवक गैरहजर असल्याने दैनिक नोंद नाही. एकूण पाऊस १२७ मि.मी., मोजणारा सूर्यभान. प्रबंधातील आकडे ग्राह्य धरू नयेत.' हा माझ्या नावापुढंच दिसला पाहिजे, मागे कुठं नाही. दिनकररावांना सांग, शाल दुसऱ्या कुणाला द्यावी. सुमंगलेला सांग, पुढच्या भाऊबीजेला बोलावलं तर येईन.

मला त्या सहीच्या रकान्यात कुठंच ठेवू नकोस.

काशीनाथ

*

परभणी,
८ जानेवारी १९९४

श्री. सूर्यभान यांस,
स. न. वि. वि.

आपण ग्रंथालयात आलात तेव्हा मी एक गोष्ट सांगितली नाही. डॉ. काशीनाथ माझे सख्खे मामा. तेव्हाच सांगायला हवं होतं, धीर झाला नाही. माफ करा.

त्यांनी ऑफिसला लिहून दिलेल्या जबाबाची नक्कल सोबत आहे. त्यावर आपण मोजलेला आकडा खरा असल्याबद्दल आपली सही लागते. तसंच मशीनमध्ये त्या प्रबंधापुढं जो शेरा घालायचा तो मामांनी लिहून दिलाय, तोही सोबत आहे. शेऱ्याला जागा फक्त तीन ओळींचीच मिळते, म्हणून तो थोडक्यात आहे. दोन्हींवर सह्या करून लवकर पाठवा. यादी ३१ तारखेला बंद होते, ते माझ्या ध्यानात आहे. आपला आकडा आता आपल्या नावानं कायम राहील याचा मला फार आनंद आहे.

आपली,
पद्मजा

*

पांढरवाडी,
१८ जानेवारी १९९४

पद्मजाबाईस सूर्यभानचा सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र भेटलं. तुमी भाची हाव हे मला त्याच दिशी कळलं होतं. वहीचा नंबर लिवलाव तवा बगितलं, तुमचा सात बी मामासारकाच हाय. माफी मागू नका, तुमी मला वही दावली, ती दुसऱ्या कुनी दावली नसती.

चौदा तारखेला नामांतर झालं. बायना दिसभर दारात उभी व्हती. मी म्हनलं, आत ये. ती म्हनली, या वक्ताला मी बगनार. काई झालं न्हाई. दुसऱ्या दिशी साडेआठला मी कामावर होतो.

आता सहीचं. मामाचा जबाब चांगला हाय, त्यावर सही केली. साहेब आले, बोलले, हे लय झालं, आसं करनारे म्या दुसरे बगितले न्हाईत. पर मशीनचा कागद बिनसहीचा परत धाडायलोय. रागावू नका. त्यात लिवलंय, सेवक गैरहजर. ह्याच शब्दानं माझं काम गेलं होतं. तवा वाईट मनानं लिवला, आता चांगल्या मनानं लिवला, पर शब्द त्योच.

मी गैरहजर न्हवतो बाई. घर जळालं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी सासुरवाडीहून चालत निघालो. मला वाटलं, पावसाचं कुनी बगनार न्हाई. वढ्यापातुर आलो. तितं काठ्या घिऊन मानसं बसली होती. वळखीची. म्हनले, पुढं पाय टाकलास तर तोडू. परत गेलो. चार दिसांनी पुन्ना आलो, पुन्ना तेच. वढ्याच्या हिकडं उभं राहून मला केंद्राचं कुंपन दिसायचं. पाऊस पडायलाय आन् बाटली भरायलीय, हे मला दिसत होतं.

तवा असं लिवा, 'बौद्धवाडा जाळला. सेवक दोनदा आला, त्याला येऊ दिलं न्हाई.' मग सही करतो. यादी एकतीसला बंद व्हनार, ते मला बी ठाऊक हाय. उशीर झाला तर झाला, पुढची यादी निघंल न्हाईतर न्हाई निघनार. पर मशीनमदलं आमच्या मागं बी ऱ्हानार म्हनता, मग ते खरं पायजे.

तीन वळीत बसत नसंल तर माझं नाव काढा. हे ऱ्हाऊ द्या.

सूर्यभान